बर्फातलं खुराडं



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींना हसू आलं असेल, आणि ते साहजिक आहे. हयातभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं खुराड्यावर बोलायचं, तेही बर्फातल्या खुराड्यावर, आणि ऐकणारे बहुतेक असे की ज्यांच्या अंगणात बर्फ कधी पडलेला नाही. (बॉस्टन-टोरांटोकडून ऐकणारे जे कोणी असतील, त्यांना फावड्याची महती आम्ही सांगायला नको.) पण विचारांचा इतिहास ग्रंथांतच असतो असं थोडंच आहे? तो भिंतीत असतो, खिडकीत असतो, छपराच्या उतारात असतो. एखाद्या जिवाला वाचवण्यासाठी माणसानं काय बांधलं हे पाहिलं, की त्याच्या मते धोका कुठून येत होता ते कळतं. त्या नजरेनं आज आपण कोंबडीचं खुराडं पाहू. मुलूख मुख्यतः अमेरिकेचा ईशान्य कोपरा, म्हणजे मेन, मॅसॅच्युसेट्स वगैरे राज्यं, ज्यांना मिळून न्यू इंग्लंड म्हणतात, आणि त्यांच्या उत्तरेला कॅनडातलं क्वेबेक. काळ साधारण १८५० पासून शंभर वर्षांचा. मध्ये एकदोनदा मागेपुढे जावं लागेल.

पहिली गोष्ट ही, की कोंबडी मुळात बर्फातली नव्हेच. तिचा पूर्वज तांबडा रानकोंबडा. भारतापासून आग्नेय आशियापर्यंतच्या उष्ण जंगलांतला, बांबूच्या बनात पाला उकरत फिरणारा. तो माणसाळला कधी आणि कुठे, ह्यावर पुष्कळ वाद झाले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, पाळीव कोंबडीचे म्हणून भरवशानं सांगता येतील असे सर्वांत जुने अवशेष मध्य थायलंडमधल्या बान नॉन वाट इथले आहेत, इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० ह्या काळातले. भातशेती आली, दाणे सांडू लागले, आणि त्या दाण्यांच्या ओढीनं हा पक्षी माणसाच्या दारात आला, अशी त्यांची मांडणी. पुढे इसवी सनापूर्वी ८०० च्या सुमारास तो भूमध्य समुद्राच्या काठी पोचला. पण तिथून स्कॉटलंड, स्कँडिनेव्हिया, आइसलँड अशा थंड मुलखात रुजायला त्याला आणखी जवळजवळ हजार वर्षं लागली. हजार वर्षं! अंतर काही एवढं नव्हतं.

जाता जाता आपल्या घरची एक गोष्ट. प्लिमथ रॉक, ऱ्होड आयलंड रेड ह्या अमेरिकेत नावाजलेल्या जातींचे पाय पिवळे असतात. २००८ मध्ये जनुकं तपासली गेली तेव्हा दिसलं, की हा पिवळेपणा तांबड्या रानकोंबड्याचा नाही, करड्या रानकोंबड्याकडून आलेला आहे. करडा रानकोंबडा म्हणजे आपल्या सह्याद्रीत पहाटे आरवतो तोच. मेनच्या बर्फात जे पिवळे पाय उभे राहिले, त्यांत भारतीय द्वीपकल्पातल्या रानाचा एवढा अंश आहे.

तर ह्या उष्ण देशीच्या पाहुण्याला जुन्या लोकांनी थंडीत ठेवलं कुठे? चुलीपाशी. पहिल्या शतकातला रोमन लेखक कोलुमेला शेतीवरच्या आपल्या ग्रंथाच्या आठव्या भागात सांगतो, की खुराड्याचं तोंड हिवाळ्यात सूर्य उगवतो त्या दिशेला हवं, आणि ते भट्टीला किंवा स्वयंपाकघराला लागून हवं, म्हणजे धूर कोंबड्यांपर्यंत जाईल. धूर त्यांना मानवतो असं त्याचं मत. रशियन खेड्यात तर हिवाळ्यात कोंबड्या घरातच असत. तिथली चूल म्हणजे भलंमोठं बांधकाम. तिच्या पोटाखालच्या पोकळीत किंवा शेजारच्या बाकाखाली त्या राहत. चारसहा कोंबड्या, एक चूल, एक कुटुंब. बर्फ पडला तर तो माणसाच्याच छपरावर पडला, आणि तो काढणं माणसाच्याच हिताचं. कोंबडीसाठी म्हणून वेगळं काही बांधायचंच नव्हतं.

न्यू इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत थोड्याफार फरकानं हेच चाललं होतं. तिथे चुलीऐवजी गोठा. गाईंच्या उबेला, गवताच्या ढिगात कोंबड्या हिवाळा काढत. पानगळीला अंडी आटत, ती वसंतात पुन्हा सुरू होत. घरची बाई उन्हाळ्यातली अंडी चुन्याच्या निवळीत बुडवून ठेवी आणि तीच थंडीभर पुरवून वापरी. मग १८४९ मध्ये बॉस्टनच्या सार्वजनिक बागेत कोंबड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, आणि लोकांना कोंबड्यांचं वेड लागलं. चीनकडून आलेल्या थोराड, पायांवरही पिसं असलेल्या कोंबड्यांच्या जोड्या अव्वाच्या सव्वा किमतीला जाऊ लागल्या. जॉर्ज बर्नहॅम नावाच्या गृहस्थानं १८५२ मध्ये अशा काही कोंबड्या थेट व्हिक्टोरिया राणीला नजर केल्या, आणि तीनच वर्षांनी ह्या सगळ्या वेडाची टिंगल करणारं पुस्तकही त्यानंच लिहिलं. कमाई दोन्हीकडून! ह्यातल्या एका जातीचं नाव पडलं ब्रह्मा. ब्रह्मदेवाचा काही संबंध नाही, ब्रह्मपुत्रेचं नाव अर्ध्यात तोडून ते झालं. ह्या ब्रह्मा कोंबडीचा तुरा बुटका, डोक्याला चिकटलेला, त्यामुळे थंडीत गोठायची भीती कमी. उलट पायांवरची पिसं ओल्या बर्फात भिजतात आणि त्यांवर बर्फाचे गोळे धरतात. म्हणजे वरून बर्फाला योग्य, खालून अयोग्य.

आता बघा, कोंबडी महाग झाली की ती गोठ्यात गाईच्या पायाशी ठेवता येत नाही. तिला स्वतंत्र घर हवं. आणि शहरांत हिवाळ्यात ताज्या अंड्याला दामदुप्पट भाव मिळतो हे कळल्यावर तर हवंच हवं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीसएक वर्षांत ही घरं बांधली गेली ती एका गृहीतावर: कोंबडीचा वैरी थंडी. म्हणून भिंती दुहेरी, मधल्या पोकळीत लाकडाचा भुसा भरलेला, आतून बाहेरून डांबरी कागद, फटी बुजवलेल्या, दक्षिणेला मोठमोठ्या काचेच्या खिडक्या, ज्याला परवडेल त्याच्याकडे आत शेगडी. आणि भिंतीवर तापमापक. तो पारा खाली जाऊ नये म्हणून सगळा आटापिटा.

कोंबड्या मात्र आजारी पडत. डोळे सुजत, नाकं गळत, श्वासाला घरघर लागे. तिथले शेतकरी ह्या दुखण्याला ‘रूप’ म्हणत. आपल्या रूपाशी त्याचं काही देणंघेणं नाही, झालेल्या कोंबडीकडे बघवत नसे. आणि गंमत म्हणजे एवढं उबदार घर असून तुरेही गोठत. सकाळी आतल्या भिंतीवर पांढरं दहिवर गोठलेलं असे, ऊन काचेतून आत आलं की ते वितळे, छतावरून टपटप गळे, खालचं गवत भिजे. शेतकरी म्हणे, थंडी अजून आत शिरते आहे. मग आणखी एक फट बुजवली जाई.

इथे थोडा हिशेब करू. एक अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण २०० मिलिलीटर पाणी पिते. शंभर कोंबड्यांचं झालं २० लिटर. हिवाळ्यात त्यांनी तीस अंडी दिली असं धरा. एका अंड्यात चाळीसएक ग्रॅम पाणी, म्हणजे सव्वा लिटरच्या आसपास बाहेर गेलं. बाकीचं? काही श्वासातून हवेत, काही विष्ठेतून जमिनीत, आणि विष्ठेत तीन चतुर्थांश पाणीच असतं. म्हणजे बंद खोलीत रोज जवळजवळ दीड बादली पाणी शिंपडल्यासारखं. त्यात विष्ठेतून निघणारा अमोनिया. कोंबडीचं अंग ४१ अंश सेल्सिअस, अंगावर पिसांची दुलई. कोरडी असेल तर ती कडाक्याची थंडी सोसते. पण तुरा उघडा. दमट हवेत त्याच्यावर ओल बसते आणि तीच गोठते. वैरी ओल होती. ती बाहेरून आलेली नव्हती, कोंबड्यांच्याच श्वासातली होती, आणि माणसानं फटी बुजवून ती आत कोंडली होती.

आमच्यासारख्याला ह्यात रस वाटतो तो पुढच्या प्रश्नासाठी. हुशार, कष्टाळू, हिशेबी माणसांना हे तीस वर्षं दिसलं कसं नाही? आपल्या न्यायशास्त्रात एक प्रसिद्ध उदाहरण आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे अनुमान बरोबर. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे चूक. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर व्हायला ओलं सरपण लागतं. ही जी न सांगितलेली अट, तिला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. आता खुराड्याकडे या. जिथे थंडी तिथे आजार, हे शेतकऱ्याचं अनुमान. अनुभव भरपूर, दर हिवाळ्याचा. पण मधली अट सुटली. थंडी आली की दारं बंद होतात, दारं बंद झाली की ओल साचते, आणि ओल साचली की आजार. इथेही उपाधी ओलीचीच निघावी हा योगायोग आम्हाला फार आवडतो. शिवाय भिंतीवर तापमापक होता, आर्द्रता मोजायचं यंत्र नव्हतं. जे मोजता येतं त्याची भीती वाटते. आणि शेतकरी आत शिरायचा कोट घालून, स्वतःला गारठा लागला की कोंबडीला लागत असणार असं समजून. माया होती म्हणूनच चूक झाली, हेही म्हणता येईल. ओल म्हणजे काय चीज आहे हे आपल्या कोकणातल्या माणसाला विचारलं असतं तर त्यानं पहिल्या आषाढात सांगितलं असतं.

बदल सुरू झाला तो १९०० च्या आगेमागे. ‘खरवडशेड’ म्हणू असा एक प्रकार त्याआधीच निघाला होता: रात्रीची झोपायची बंद खोली, आणि तिला लागून पुढून उघडी, वर छप्पर असलेली पडवी. पडवीत गवताचा जाड थर, त्यात दाणे फेकायचे. कोंबड्या दिवसभर उकरत राहतात, अंग गरम राहतं. मग मेन राज्याच्या कृषी प्रयोग केंद्रात, ओरोनो इथे, गॉवेल ह्यांनी पुढची भिंतच बहुतेक काढून टाकली आणि तिथे कापडी पडदा लावला. वादळात, रात्री पडदा खाली, एरवी वर. कापडातून वाऱ्याचा झोत येत नाही, पण हवा खेळती राहते, ओल बाहेर जाते. ओरोनोचा हिवाळा म्हणजे काही नाशिकचा हिवाळा नव्हे. रात्री शून्याखाली वीस-पंचवीस अंशांपर्यंत जाणाऱ्या. तिथे कापडाची भिंत! लोकांनी वेड्यात काढलं असेल तर नवल नाही.

ह्याहून पुढे गेले ते मॅसॅच्युसेट्सचे डॉक्टर प्रिन्स वुड्स. डॉक्टर म्हणजे खरोखरच वैद्यकीचे. सर्व हवामानांसाठी मोकळ्या हवेची खुराडी, ह्या विषयावरचं त्यांचं पुस्तक १९१२ साली निघालं. वुड्सना पडदाही नको होता. त्यांचं म्हणणं, पडदा आहे म्हटलं की माणूस तो पाडणारच, आणि नको तेव्हा पाडणार. त्यांचं नमुन्याचं घर १० फूट रुंद आणि १६ फूट खोल. दक्षिणेची बाजू उघडी, फक्त जाळी, बाराही महिने. पुढचं छप्पर बुटकं, मागचं उंच, आणि दोहोंच्या मधल्या उभ्या पट्टीत खिडक्या, म्हणजे हिवाळ्यातलं तिरपं ऊन थेट मागच्या भिंतीपर्यंत. बाकी तीन बाजू मात्र अगदी घट्ट, एक फट चालायची नाही. ह्यातली युक्ती अशी, की घर खोल आहे आणि मागून हवेला वाट नाही. त्यामुळे समोरून वारा आला तरी आतली हवा उशीसारखी त्याला अडवते. कोंबड्या मागच्या भिंतीशी आडव्या काठ्यांवर झोपतात, तिथे झोत पोचत नाही. ओली हवा मात्र हळूहळू बाहेर निघते.

काळ लक्षात घ्या. क्षयरोग्याला बर्फात ओसरीवर झोपवायची ही वर्षं. न्यूयॉर्क राज्यात सॅरानॅक लेक इथे डॉक्टर एडवर्ड ट्रुडो ते करत होते; १९०८ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात मुलांची उघड्या खिडक्यांची शाळा निघाली, मुलं ब्लँकेटात बसून धडे गिरवत. आपल्या पाचगणीचं बेल-एअर सॅनेटोरियम १९१२ चं, म्हणजे वुड्स ह्यांच्या पुस्तकाच्याच वर्षाचं. माणसाच्या फुप्फुसाबद्दलचा विचार बदलला तसा कोंबडीच्या घराबद्दलचाही बदलला.

आता बर्फाकडे. इतका वेळ आपण थंडीबद्दल बोललो, पण बर्फ ही निराळी वस्तू आहे. त्याला वजन असतं, तो वाऱ्याबरोबर जागा बदलतो, आणि तो पायाखाली चढत जातो. ह्या तीन गोष्टींनी खुराड्याला तीन प्रकारे छळलं.

ताजा भुरभुरीत बर्फ एका घनमीटरला ५० ते १०० किलो. बसलेला, ओलसर झालेला ३०० च्या घरात. वुड्स ह्यांच्या त्या १० बाय १६ फुटांच्या छपराचं क्षेत्रफळ साधारण १५ चौरस मीटर. त्यावर फूटभर भुरभुरीत बर्फ म्हणजे साडेचारशे किलोच्या आत, पण तोच ओला असेल तर साडेतेराशे. एक बऱ्यापैकी मोटारगाडी खुराड्यावर ठेवल्यासारखी. म्हणून तिथला शेतकरी बर्फाची उंची मोजून थांबत नाही, मूठभर उचलून दाबून बघतो. आणि पावसानंतर बर्फ, किंवा बर्फावर पाऊस, हे सर्वांत वाईट, कारण वरचा पाऊस बर्फ शोषून घेतो आणि छपरावरच ठेवतो. वुड्स ह्यांच्या घराची एक अडचण इथे दिसते. पुढचं बुटकं छप्पर आणि मागच्या उंच भिंतीची पायरी, ह्या कोनात वाऱ्यानं आलेला बर्फ हटकून साचतो आणि खिडक्या झाकतो. हवेचा प्रश्न सुटला तिथे बर्फाचा नवा उभा राहिला. लांब दांड्याचं लाकडी ओढणं घेऊन दर वादळानंतर तो कोपरा मोकळा करणं आलंच.

वाऱ्यानं बर्फ साचतो कुठे, हेही आपल्याला वाटतं त्याच्या उलट. आडोशाला! वारा जिथे मंदावतो तिथे तो हातातलं ओझं टाकतो. कुंपण घातलं तर त्याच्या पलीकडे, उंचीच्या तीसपस्तीस पटींपर्यंत बर्फाची शेपटी पसरते. म्हणजे वायव्येचा वारा अडवायला म्हणून कोणी खुराड्याच्या अगदी जवळ दाट झाडी लावली, तर ते खुराडं त्या शेपटीत पुरलं जाणार. झाडी हवी, पण लांब. हे शहाणपण लोकांनी पुरलेली खुराडी उकरून मिळवलेलं आहे.

आणि अंगण. जुन्या न्यू इंग्लंडमधलं कोंबड्यांचं अंगण म्हणजे पाचसहा फुटांची तारेची जाळी भोवती, वर आकाश. चार फूट बर्फ साचला आणि वरून कडक साय धरली, की त्या जाळीचं उरतं दोन फुटी कुंपण. कोंबडी सहज पलीकडे, आणि कोल्हा सहज अलीकडे. म्हणून हिवाळ्यात अंगण बंद आणि पडवी चालू, असाच रिवाज होता. अलीकडे ससाण्याच्या आणि बर्ड फ्लूच्या भीतीनं अंगणावर वरूनही जाळी घालतात, आणि तिथे निराळाच घात होतो. भुरभुरीत बर्फ जाळीतून खाली पडतो. ओला बर्फ मात्र तारेला चिकटतो, एका भोकाच्या दोन कडा जोडल्या जातात, मग पुढचा बर्फ त्यावर बसतो. तासाभरात जाळीची चादर झालेली असते. ६ बाय १० मीटरच्या अंगणावर वीतभरही नाही असा, १५ सेंटिमीटर ओला बर्फ टिकला तर वजन २७०० किलो. अर्धा टिकला तरी खांब वाकतात. उपाय साधे आहेत. जाळीची भोकं मोठी ठेवणं. मधोमध खांब रोवून जाळीला तंबूसारखा उतार देणं. बर्फ पडत असतानाच खालून केरसुणीनं झटकत राहणं, थांबल्यावर नव्हे. नाहीतर सरळ दिवाळीच्या सुमारास जाळी गुंडाळून ठेवणं आणि एका कोपऱ्यावर पक्कं छप्पर घालणं. हे शेवटचं आम्हाला सर्वांत शहाणपणाचं वाटतं.

मोकळी हवा चांगली म्हणजे मोकळं आकाश चांगलं असं मात्र नाही. ११ नोव्हेंबर १९४० ला अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत, मिनेसोटा-आयोवाकडे, जे वादळ आलं त्यात हे कळलं. सकाळ उबदार होती, माणसं सदऱ्यावर बदकांच्या शिकारीला गेलेली. दुपारपर्यंत पाऊस, मग बर्फ, मग सोसाट्याचा वारा. दीडशेच्या आसपास माणसं गेली. आणि थँक्सगिव्हिंगच्या सणासाठी उघड्या रानात पोसलेल्या टर्की लाखांनी मेल्या. आधी पावसानं पिसं भिजली, मग ती गोठली. पुन्हा तीच ओल. ह्या पक्ष्यांना भिंती नसत्या तरी चाललं असतं, छप्पर नव्हतं ते भोवलं.

ह्याच काळात क्वेबेकमध्ये एका माणसानं प्रश्न उलटा करून पाहिला. घर बदलण्याऐवजी कोंबडीच बदलली तर? ओका इथल्या ट्रॅपिस्ट मठातले ब्रदर विल्फ्रिड शातलें ह्यांनी १९०८ च्या सुमारास काम सुरू केलं, १९१८ मध्ये नवी जात लोकांपुढे आणली, १९२१ मध्ये तिला अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनची मान्यता मिळाली. नाव शांतक्लेर. पांढरी, घट्ट पिसांची, आणि तुरा जवळजवळ नाहीच. डोक्यावर छोटीशी गादी, हनुवटीखालच्या लाल पाळ्याही नावापुरत्या. गोठायला उघडं काही ठेवलंच नाही. तिच्यासाठी वापरलेल्या जातींत एक होती कॉर्निश, आणि कॉर्निशमध्ये रक्त आहे आपल्याकडच्या असील ह्या झुंजीच्या कोंबड्याचं. असीलचाही तुरा बुटकाच. म्हणजे क्वेबेकच्या बर्फासाठी घडवलेल्या कोंबडीत हिंदुस्थानी झुंजीचा वंश मिसळला. १९९९ मध्ये क्वेबेकनं कायदा करून तिला आपला वारसा ठरवलं.

शातलें ह्यांचा मार्ग आम्हाला आवडतो, पण इतिहास त्या वाटेनं गेला नाही. वुड्स ह्यांच्याही वाटेनं गेला नाही. का, ते बघा.

मुळात हिवाळ्यात अंडी का थांबतात? सगळे म्हणत थंडीनं. खरं कारण उजेड. कोंबडीला चांगली अंडी द्यायला दिवसाचा सुमारे चौदा तास उजेड लागतो, आणि ओरोनोला डिसेंबरात दिवस असतो जेमतेम पावणेनऊ तासांचा. विजेचा दिवा लावला की अंडी सुरू. कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. इथे माणसानं उजेडच हातात घेतला. दुसरी अडचण पिल्लांची. हिवाळ्यात बंद घरात वाढवलेली पिल्लं पायांनी अधू होत. खिडकीतून ऊन येतंय की, मग असं का? १९२० च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी स्टीनबॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून कळलं, की उन्हातले जे अतिनील किरण ड जीवनसत्त्व तयार करतात ते साध्या काचेतून आत येतच नाहीत. काचेआड बसलेल्या पिल्लाला ऊन दिसत होतं, लागत नव्हतं. मग खाद्यात कॉड माशाच्या यकृताचं तेल घाला, संपला प्रश्न. आणि १९२३ मध्ये डेलावेअर राज्यात सिसील स्टील ह्या बाईंकडे ५० पिल्लांच्या जागी चुकून ५०० आली. त्यांनी ती ठेवून घेतली, मांसासाठी वाढवून विकली, आणि ब्रॉयलरचा धंदा उभा राहिला. त्यांचं १६ फूट चौरस खुराडं तिथल्या संग्रहालयात जपून ठेवलेलं आहे.

दिवा आला, तेल आलं, पुढे विजेचे पंखे आले आणि ओलही बाहेर फेकता येऊ लागली. म्हणजे बंद घराचे जे दोष वुड्स ह्यांनी दाखवले होते, ते घर न उघडता एकेक करून दूर झाले. मग मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर दार उघडायचं कारणच राहिलं नाही. चार महिन्यांच्या संकटासाठी बांधलेला आसरा बारा महिन्यांचं घर झाला, आणि मग जिथे बर्फ पडतच नाही अशा मुलखातही तो गेला. आपल्याकडे पोल्ट्रीवाले ज्याला ईसी शेड म्हणतात, पंख्यांची आणि ओल्या पडद्यांची, तिचं मूळ शोधत गेलात तर एक वाट मेनच्या हिवाळ्याशी पोचते. तिथे थंडीपासून, इथे उन्हापासून. ह्यात वाचवलं कोणाला, कोंबडीला की अंड्याला, हा प्रश्न आम्हाला टाळता येत नाही. दोन्ही एकच असं शेतकरी सांगेल, आणि त्याच्या वहीत ते एकच आहे. कोंबडीच्या बाजूनं मात्र नाही. पडवीत गवत उकरणारी आणि पिंजऱ्यात दिव्याखाली बसलेली, दोघीही जिवंत आहेत आणि दोघीही अंडी देताहेत.

शिवाय त्या घराचा जीव पंख्यात आला. ५ ते १० जानेवारी १९९८ ह्या दिवसांत क्वेबेक, पूर्व ऑन्टारिओ आणि न्यू इंग्लंडच्या उत्तर भागात गोठणारा पाऊस पडत राहिला. विजेचे मनोरे बर्फाच्या वजनानं जमिनीवर आले, काही भागांत वीज कित्येक आठवडे नव्हती. जनरेटर एका शेतावरून दुसऱ्या शेतावर फिरवले जात होते, कारण बंद शेडमध्ये पंखा थांबला की तीच जुनी ओल, तोच अमोनिया, काही तासांत.

स्वित्झर्लंडनं पिंजरे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच हद्दपार केले. तिथे आणि जर्मनी-ऑस्ट्रियात खुराड्याला लागून एक जोड-जागा बांधतात, तिला नाव विंटरगार्टन, हिवाळ्याची बाग. वर पक्कं छप्पर, बाजूंना जाळी, खाली भुसा किंवा गवत, तापमान बाहेरचंच. १८९० च्या आसपासची ती न्यू इंग्लंडची पडवीच म्हणा ना. बर्फ बाहेर पडत असतो, छप्पर उताराचं असल्यामुळे घसरून जातो, आणि आत कोंबड्या उकरत असतात. दार उघडून दिलं तर पहिल्या बर्फावर त्या सहसा पाय ठेवत नाहीत. उंबऱ्यावर गर्दी करून बघत राहतात. पुढे हातभर रुंदीची वाट खणून तिच्यावर गवत किंवा चुलीतली राख पसरली, की एक धीट कोंबडी निघते आणि मग बाकीच्या तिच्यामागे.

वेळ झाली आहे. छपराच्या उताराबद्दल आणि शांतक्लेरबद्दल आधीच दोनतीन चिठ्ठ्या आलेल्या दिसतात, तेव्हा तिथूनच सुरुवात करू.